अंजू दुपारी का जेवली न्हाई

लातूर
ता. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

घरातली गोष्ट सासूला व्याह्याकडून कळावी, ही कुठली रीत? तुझे वडील शुक्रवारी नांदेडहून एस.टी.नं आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "शिवगंगाबाई, तुमच्यापायी माझी लेक अडचणीत आलीय." पाणी पुढं केलं तर नको म्हणाले. जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस, दारात येऊन पाण्याला नको म्हणतो! मग उभ्या उभ्या सगळं ऐकवलं आणि पुढची गाडी धरून गेले. हे तू सांगायचं होतंस. न्हाई तर त्या महांतेशनं. पण तो फोन उचलला की म्हणतो, "आई, नेट चालंना." आमच्या गल्लीत नेट चालतं आणि फिनलंडात चालंना! आईला एवढी येडी समजून राहिला.

असो. चि. सौ. मुग्धा, शिवगंगा आईचा तुला आशीर्वाद. महांतेशलाही, तो घ्यायच्या लायकीचा असो नसो. अंजूला मुका. मी बरी हाय. गुडघा दुखतो, त्याला तेवढंच काम हाय. शेजारच्या अण्णारावांनी शेतातून हुरडा आणून दिला, एकटीनं किती खायचा? मूठभर खाल्ला, बाकीचा दारातल्या गायीला घातला. नळाला पाणी येतं त्या दिवशी गल्लीत बायका दिसतात, एरवी जो तो दार लावून टीव्हीपुढं.

फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर मी भांडते. लिहिताना बोटं आखडतात, म्हणून भांडण जरा आखूड होतं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, नीट लावून वाच.

तुझ्या वडलांनी सांगितलं ते असं. चुकलं तर दुरुस्त कर.

अंजूच्या बालवाडीत नियम काढला की लेकरांच्या गळ्यात दोरा नको. झोपाळ्यात, घसरगुंडीत अडकला तर फास बसतो. म्हणून तिथल्या बाईनं अंजूच्या गळ्यातलं इष्टलिंग काढलं, डबीसकट तिच्या खणात ठेवलं, आणि घरी जाताना परत घातलं. दुपारी सगळी लेकरं जेवायला बसली, अंजू तोंड मिटून बसली. दुसऱ्या दिवशी तेच. पाणीसुद्धा घेईना. त्या बायांनी विचारलं तर मान हलवायची. आणि त्याच आठवड्यात एक दिवस बर्फात खेळता खेळता लेकरू भोवळ येऊन पडलं.

मग त्यांनी लेकरांच्या कचेरीत कळवलं. तिकडं म्हणे कळवावंच लागतं, न्हाई कळवलं तर शाळेवर येतं. कचेरीची बाई तुमच्या घरी आली. आधी विचारलं, घरी जेवण बंद करायची शिक्षा देता का? तू सांगितलंस, शिक्षा न्हाई, आमच्या घरची रीत हाय, लिंग अंगावर नसताना खात न्हाईत. ती म्हणाली, मोठ्या माणसानं खाल्लं न्हाई तर त्याचं तो बघेल. पाच वर्षांच्या लेकराला हे कुणी सांगितलं? अंजूला विचारलं तर अंजू गप. तेव्हा तू म्हणालीस, "मी."

तू? वसंतराव मास्तरांची लेक? तुझ्या माहेरी लिंग बघितलं होतंस का कधी? लग्नात आम्ही गळ्यात घातलं ते तू घेतलंस, त्याबद्दल मी तुला कधी नाव ठेवलं न्हाई. पण सकाळी अर्धी पोळी तोंडात घेऊन बस पकडणारी तू, तू लेकराला कुठला नेम शिकवणार? खोटं बोलायचं तर अंगाला बसेल असं तरी बोलावं.

तुझे वडील म्हणाले, महांतेशनंच तुला गप्प राहायला सांगितलं. आज्जीचं नाव कागदावर आलं तर आज्जीला परत घरी ठेवून घेता येणार न्हाई म्हणून. आणि आता शुक्रवारी, चौदा तारखेला त्यांची बैठक हाय. तुझ्यावरचं हे प्रकरण मिटवायचं का पुढं चालू ठेवायचं ते ठरणार. तू स्वतः शाळेत लेकरांजवळ कामाला. लेकराला उपाशी ठेवणारी आई म्हणून तुझं नाव लागलं तर तुला शाळेच्या फाटकातून आत कोण घेईल?

हे ऐकून मला राग आला तो तुझा न्हाई, त्या कचेरीचा आला. म्हणलं, ह्या कोण? आमच्या घरातल्या ताटाची चौकशी करणाऱ्या? आपल्याकडं नव्या नवरीला उपास, पोरीबाळींना सोमवार, कुणी येतं का विचारायला? माझ्या सासूनं, सिद्धम्मानं, मला ओल्या बाळंतपणात नेमासाठी अर्धा दिवस ताटावर बसवून ठेवलं होतं. मी कुठल्या कचेरीत गेले?

वरच्या खोल्यांत विशाखा वकील भाड्यानं राहते, तुला ठाऊक हाय. काल जिना चढून तिच्याकडं गेले. म्हणलं, "विशाखा, आपल्या सरकारचा कागद काढ. तिकडं धाडू. आमच्या देशात असल्याला गुन्हा म्हणत न्हाईत, असं त्यात लिही."

ती हसली. "आज्जी, आपल्याकडं पण कायदा हाय."

"कशाचा?"

"लेकरू ज्याच्या ताब्यात हाय त्यानं त्याला मारलं, टाकून दिलं, छळलं, न्हाई तर जाणूनबुजून त्याची हयगय केली, आणि लेकराला त्याचा त्रास झाला, तर तुरुंग."

"मग सगळं लातूर आत जाईल की!"

"जाईल," म्हणाली. "कुणी तक्रार केली तर."

"आणि लेकरू म्हणायचं कुठवर?"

"अठरापर्यंत."

आता बघ. आमच्या समोर शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेली मुखेडची पोरगी, सोळा वर्षांची. आई स्टँडवर रडून गेली ती दिवाळीला आली. पोरगी तापानं फणफणली तरी पुस्तक सोडंना. तिला मीच कढी-भात नेऊन दिला. ती लेकरूच झाली का न्हाई कायद्यानं? तिच्या बापाला कोण विचारतं? उलट गावात सत्कार करतील.

विशाखाला मग बोलायला जोर चढला. म्हणाली, आज्जी, प्रत्येक देशाचं वेगळं. तुमच्या अंजूच्या देशात लेकराला चापट मारायची न्हाई, आईबापानंसुद्धा न्हाई. स्कॉटलंडात आता तसंच. पण त्याला लागून इंग्लंड हाय, तिथं आईबापानं 'वाजवी' मारलं तर अजून चालतं.

मी म्हणलं, "मंजे नांदेडला चापट आणि लातूरला गुन्हा? मग अहमदपूरला काय करायचं, एस.टी.त?"

लई हसली. मलाही हसू आलं, पण ते हसण्यासारखं न्हाई. गाल तर तोच की लेकराचा.

मी तिला धरूनच बसले. म्हणलं, "मी लेकराचं वाईट व्हावं म्हणून काही केलं न्हाई. मग आपल्या कायद्यात मी सुटते का न्हाई?"

ती म्हणाली, "इथं 'जाणूनबुजून' ह्या शब्दाला वजन हाय. तुमच्या मनात काय होतं ते आधी बघतील. तिकडं लेकराची काय हालत झाली तिथून सुरुवात."

मला कळलं. इथं माझ्या मनात काय होतं ते विचारतील, तिथं अंजूच्या पोटात काय होतं ते विचारून राहिलेत. पोट रिकामं होतं. त्याला माझ्याकडं काय जबाब हाय?

उठता उठता मी विचारलं, "आणि समज, मोठ्या माणसानं लेकराला म्हणलं, हे कुणाला सांगू नको. तर?"

विशाखानं हातातला कप खाली ठेवला. "ते कुठल्याच देशात चांगलं धरत न्हाईत, आज्जी. असं कोण म्हणलं अंजूला?"

मी म्हणलं, "कुणी न्हाई. आपलं असंच विचारलं."

आणि खाली आले. आता भाकरी टाकायची हाय. बाकीचं उद्या.

सोमवार

काल भाकरी टाकली नव्हती. उगंच लिहिलं. पत्र झाकून बसले होते.

सकाळी मठात गेले होते. स्वामींना विचारावं म्हणलं, लहान लेकराला हा नेम लागू हाय का न्हाई, शास्त्र काय सांगतं? स्वामी गावाला गेलेत, शिवरात्रीच्या आधी येतील असं तिथला माणूस म्हणाला. मी पायरीवर बसले. मग मनात आलं, मी हे कशासाठी विचारून राहिले? स्वामी म्हणाले 'लागू हाय', तर मी काय अंजूला उपाशी ठेवणार हाय? आणि 'न्हाई' म्हणाले, तर त्यांच्या पदराआड लपणार? उठले आणि घरी आले. लेकराच्या जेवणाला मला कुणाची परवानगी नको.

तर मुग्धा, आता बैस आणि वाच. महांतेशला बाहेर जाऊ दे, त्याला मधे मधे बोलायची खोड हाय.

नेम मी शिकवला हे तुम्हाला दोघांनाही ठाऊकच हाय. मागच्या वर्षी तीन महिने तुमच्याकडं राहिले तेव्हा. तुम्ही दोघं कामावर, बाहेर दुपारी तीनलाच अंधार, आणि घरात मी आणि अंजू. तिला माझं अर्धं बोलणं कळायचं न्हाई, मला तिचं. मी आंघोळ करून लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसले की ती समोर येऊन बसायची. तिनं तिचं घेतलं. कपाळाला विभूती लावायला सांगितली, लावली. मग खायचं. लिंग न्हाई तर घास न्हाई, असं मी म्हणलं की ती माझ्यामागून म्हणायची. कौतुक वाटलं मला. तूही हसलीस तेव्हा.

मी परत आले तरी ते चालूच राहिलं. तुमची सकाळ ती आमची साडेदहा. मी फोन मिठाच्या डब्याला टेकवायची. तिकडं अंजू खुर्चीवर, इकडं मी पाटावर. दोघी लिंग हातावर घ्यायचो, मग ती तिचं ते पांढरं दह्यासारखं खायची, मी भाकरी. पंधरा मिनिटं. तू तोवर तुझी तयारी करायचीस.

अंजू भाकरी खाईना. माझं लुगडं बघून हसते. मराठीत दहा शब्द बोलते, त्यातले चार चुकीचे. तिच्यात माझं काय हाय? नाक तुझ्या वडलांचं. हे एकच माझं तिच्यात होतं, मुग्धा. ह्याची तू कीव करू नको, मी सांगून राहिले ते पुढचं कळावं म्हणून.

तिचं लिंग पहिल्यांदा खणात ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोनवर आली. तू आंघोळीला गेली होतीस. म्हणाली, "अव्वा, लिंग कपाटात होतं. मी जेवले न्हाई."

मी म्हणलं, "आणि पाणी?"

"पाणी पण न्हाई."

मी म्हणलं, "शाब्बास माझी वाघीण!"

तिला 'वाघीण' कळत न्हाई, पण 'शाब्बास' कळतं. असं हसली की सगळा फोन भरला. मग तिनं विचारलं, तिनंच विचारलं, "आईला सांगू?"

आणि मी म्हणलं, "नको. ती उगं घाबरती. हे तुझं माझं."

हे हाय ते. पहिल्या दिवशी तिचं ती उपाशी राहिली. पुढचे दिवस ती माझ्यासाठी उपाशी राहिली. रोज सकाळी नुसतं माझ्याकडं बघून मान हलवायची, आणि मी पण हलवायची. तू मागं चहा गाळत असायचीस.

त्या कचेरीच्या बाईपुढं लेकरू तोंड मिटून का बसतं ते आता कळलं का? ती तुला भीत न्हाई. ती माझा शब्द पाळून राहिली. आणि त्यांना वाटतं, आईच्या धाकानं गप हाय.

तुझ्या वडलांना मी दारात हे सांगू शकले असते. मी म्हणलं, "तिकडची माणसं उगं बाऊ करतात." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते गेले. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच.

आता करायचं काय ते लिहिते.

शुक्रवारी बैठकीला हे पत्र घेऊन जा. विशाखा आज फोटो काढून तुझ्या फोनवर धाडते. कालचं माझं बडबडणं त्यांना वाचून दाखवायची गरज न्हाई, पण मागितलं तर दाखव. खालचं मात्र त्यांच्या भाषेत सांग. तू गोड करशील, तुझा स्वभाव हाय, म्हणून दुभाष्या मागून घे. विशाखा म्हणते, मागितला तर देतात.

'मी शिवगंगा, महांतेशची आई, अंजूची आज्जी, राहणार लातूर. लिंग नसताना खायचं न्हाई, हे लेकराला मी शिकवलं. उपाशी राहिली म्हणून तिला शाब्बासकी मी दिली. आईला सांगू नको, हेही मीच म्हणलं. लेकरू सांगायला तयार होतं. तिच्या आईला ह्यातलं शाब्बासकीचं आणि लपवायचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं माझं नाव वाचवायला स्वतःचं सांगितलं, ते खोटं हाय. माझ्या मनात वाईट नव्हतं, पण तुम्ही ते विचारत न्हाई, आणि बरोबर करता.'

पत्राच्या शेवटी माझी सही केली हाय. अंगठा न्हाई, सही हाय, सांग त्यांना.

मग ते म्हणतील, म्हातारीला लेकराजवळ ठेवू नका. म्हणू दे. महांतेशला सांग, एप्रिलचं माझं तिकीट काढू नको. बॅग माळ्यावर टाकली. शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती तिकडं आणायला, ती आता इथंच खपवते. फोनवर बोलू नका म्हणले तरी मला कबूल हाय. साडेदहाला मी आता पाटावर बसतच न्हाई, उभ्या उभ्या खाऊन घेते, लवकर उरकतं.

माझ्यासाठी त्यांच्याशी भांडू नको. तुला भांडता येत न्हाई, उगं रडशील, आणि ते रडण्याचा वेगळाच अर्थ लावतील.

एक गोष्ट मात्र माझी मागून घे. खालचं अंजूला वाचून दाखवायचं. त्या कचेरीच्या बाईंच्या समोर, तिला मांडीवर घेऊन, मराठीत. तिला न कळलेला शब्द तू सांग. एकदा वाचून झालं की परत एकदा.

'अंजू, अव्वा बोलते. तू लई शहाणी हायस. तू कुणाला सांगितलं न्हाईस, अव्वाला कळलं. पण आता अव्वानंच सगळ्यांना सांगितलं. आता आपलं गुपित न्हाई. तुला जे विचारतील ते सगळं सांगायचं. अव्वानं काय म्हणलं तेही सांगायचं. अव्वाला कुणी मारत न्हाई, रागावत न्हाई.

दोरा काढायला सांगितला की काढून द्यायचा. लिंग खणात असलं तरी ते तुझंच हाय, ते कुठं जात न्हाई. भूक लागली की खायचं. तहान लागली की प्यायचं. आधी खायचं, मग बाकीचं. अव्वानं तुला उलटं सांगितलं होतं, ते अव्वाचं चुकलं. न खाल्ल्याबद्दल दिलेली शाब्बासकी मी परत घेतली. आता खाल्ल्याबद्दल देणार हाय.'

एवढंच वाच. त्यात तुझ्या मनाचं घालू नको.

तू माझ्यासाठी 'मी' म्हणालीस, त्याबद्दल काय लिहावं ते मला येत न्हाई. चौथीत शिकवलं नव्हतं. तुझ्या वडलांना म्हणावं, पुन्हा आले तर चप्पल काढून आत या, मी पाणी देणार हाय आणि ते प्यावं लागेल.

ह्या पत्राला तू उत्तर लिहायचं न्हाईस. महांतेशनं तर मुळीच न्हाई, त्याचं नेट बंद हाय ते बंदच असू दे. दुपारी शाळेत काय खाल्लं, तेवढं अंजूनं लिहायचं. लिहिता येत न्हाई तर ताट काढून त्यात काय होतं ते रंगवायचं. त्या बाईंना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, पोस्टानं. दुसऱ्या कुणाच्या हाताचं आलं तर मी पाकीट फोडणार न्हाई.

शिवगंगा